ताई, आता यायची गरज नाही

"ताई, आता यायची गरज नाही," तो फोनवर म्हणाला. आवाजात आनंद नुसता उसळत होता. तो अंध आहे, कायद्याचा अभ्यास करतो, आणि मी संध्याकाळी त्याला पुस्तकं वाचून दाखवायला जात असे. आता कुणीतरी त्याची सगळी पुस्तकं स्कॅन करून दिली होती. फोनमधला आवाज ती वाचत होता. मध्यरात्री, बसमध्ये, अंथरुणात पडल्या पडल्या, तो म्हणेल तितक्या वेळा. "आणि तुमच्या तिप्पट वेगानं," असं म्हणून तो मोकळेपणानं हसला. मीही हसले. "अरे वा, फारच छान झालं," म्हटलं. हे मी मनापासून म्हणतेय अशी माझी समजूत होती. फोन ठेवला आणि समोरच्या कपाटाचं उघडं दार असं काही लावलं, की आत काहीतरी धपकन पडलं.

राग कसला आला होता? तो उर्मटपणे बोलला नव्हता. आभारही त्यानं नीट मानले होते. त्याला कुणावर अवलंबून राहावं लागू नये, हे वाक्य मी स्वतः चारचौघांत कितीदा तरी म्हटलेलं. आता ते खरं झालं होतं, तर मला पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात पोटात खड्डा पडला. त्या यांत्रिक आवाजाबद्दल तर चक्क असूया वाटली. त्या आवाजाला कायद्याच्या कलमातलं 'परंतुक', म्हणजे अपवाद सांगणारी जोडअट, कसं म्हणायचं हे कुठे ठाऊक असणार, असा एक बालिश विचारही मनात येऊन गेला.

'परंतुक' मला त्यानंच शिकवलं होतं. सुरुवातीला मी फार जीव ओतून वाचायची. शाळेत वक्तृत्वात बक्षीस मिळवलेल्या बाईच्या हातात पुस्तक दिलं की जे होतं ते. काही पानं त्यानं सोसली आणि मग शांतपणे म्हणाला, "ताई, नाटक नको. नुसतं वाचा." मग हळूहळू मी शिकत गेले. कलमाचा आकडा आधी, मग पोटकलम, मग कंसातला अ-आ-इ. परंतुक आलं की आवाज न बदलता नुसतं 'परंतुक' म्हणायचं आणि पुढे जायचं. तळटीप मध्येच घुसवायची नाही, परिच्छेद संपल्यावर 'तळटीप' असं म्हणून सांगायची. तक्ता असेल तर आधी किती रकाने आहेत ते सांगायचं. त्यानं तर्जनी वर केली की थांबायचं. तो ओठातल्या ओठात काही पुटपुटायचा, बोट खाली घेतलं की पुढे चालू. त्या वर-खाली होणाऱ्या बोटाची मला इतकी सवय झाली होती, की घरी वर्तमानपत्र वाचतानाही परिच्छेदाच्या शेवटी मी आपोआप थांबायची. सुरुवात झाली तीही काही उदात्त हेतूनं झाली नव्हती. मुलगी शिकायला परगावी गेली आणि संध्याकाळी घर अंगावर यायला लागलं. नवरा म्हणाला, चाललीस पुन्हा लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. मी म्हटलं, भाजते. तो दोन तासांचा वाचनाचा कार्यक्रम त्या मुलासाठी होता की माझ्या संध्याकाळींसाठी, हा प्रश्न तेव्हा पडायचं कारण नव्हतं, कारण दोघांचंही भागत होतं.

भागायचं बंद झालं, तेव्हा प्रश्न पडला.

माणूस दुसऱ्यासाठी जे करतो ते शेवटी स्वतःसाठीच, हा मुद्दा काही नवा नाही. आपल्याकडे गप्पांच्या ओघात कुणीतरी तो हमखास काढतं, आणि काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचं समाधान असतं. सतराव्या शतकातला इंग्लिश तत्त्ववेत्ता थॉमस हॉब्ज याच पंथाचा मानला जातो. त्यानं रस्त्यावरच्या एका दुबळ्या म्हाताऱ्याच्या हातावर नाणं ठेवलं, तेव्हा जवळच्या एका धर्मगुरूनं विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिलं असतंस का? हॉब्ज म्हणाला, दिलं असतं. त्याची दशा पाहून मला त्रास होत होता, आता त्यालाही जरा आराम पडला आणि मलाही. जॉन ऑब्री या त्याच्या मित्रानं ही हकिकत लिहून ठेवली आहे. हॉब्जचा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण त्याच्या उत्तरातच एक फट आहे. म्हाताऱ्याची दशा पाहून त्याला त्रास झालाच का? त्याच रस्त्यानं, त्याच म्हाताऱ्याकडे पाहत, कितीतरी लोक खुशाल पुढे गेले असतील. पुढच्या शतकात जोसेफ बटलर या धर्मोपदेशकानं नेमकं इथेच बोट ठेवलं. १७२६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवचनांतला युक्तिवाद थोडक्यात असा: दुसऱ्याचं बरं झालं म्हणून मला आनंद होतो, याचा अर्थ त्याचं बरं व्हावं असं मला आधीपासूनच वाटत होतं. ते वाटणंच नसेल तर आनंद होणार कशाचा? आनंद मागाहून येतो. तो आला एवढ्यावरून त्याच्याचसाठी सगळा खटाटोप केला असं ठरत नाही.

हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं वापरत आले. "तुला बरं वाटतं म्हणून तू करतेस," असं कुणी म्हटलं की बटलरसाहेब माझ्या मदतीला धावून यायचे. हो, वाटतं बरं, मग? बरं वाटणं हा काय गुन्हा आहे? पण त्या फोननंतर हीच सुरी माझ्यावर उलटली. त्याचं बरं व्हावं एवढंच मला हवं असतं, तर ते कुणाच्याही हातून झालं तरी आनंद व्हायला हवा होता. झालं होतं तर खरं, उलट माझ्या हातून होत होतं त्यापेक्षा चांगलं. मग आनंद कुठे अडला?

गंमत म्हणजे नेमका हाच प्रश्न प्रयोगशाळेत विचारून झालेला आहे. डॅनियल बॅटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं सगळं आयुष्य मदतीमागचा हेतू खणण्यात गेलं. १९८८ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक साधारण असा होता: समोरच्या माणसावर विजेचे धक्के ओढवणार आहेत, तुम्ही एक काम केलंत तर ते टळतील, असं सांगायचं. मग काहींना मध्येच कळवायचं, की तुमच्या कामाची आता गरज नाही. त्यातल्या काही जणांच्या बाबतीत त्या माणसाचे धक्के परस्पर टळलेले असतात, काहींच्या बाबतीत नाही. आणि प्रत्येकाची मनःस्थिती आधी काय होती, नंतर काय झाली, ते पाहायचं. ज्यांना त्या माणसाबद्दल खरोखर कळवळा वाटला होता, त्यांची मनःस्थिती तो सुटला की सुधारत होती. स्वतःमुळे सुटला की आपसूक, यानं त्यांना फरक पडत नव्हता. हे वाचून मला आधी दिलासा मिळाला, की चला, निखळ काहीतरी माणसात असतं. दुसऱ्या क्षणी कपाटाचं दार आठवलं. त्या प्रयोगात मी असते तर माझी मनःस्थिती कागदावर कशी उमटली असती, ते मला स्वच्छ दिसत होतं.

पण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मजा बघत बसणं हाही एक आत्मप्रेमाचाच प्रकार आहे, हे वयानं शिकवलंय. माझं मन कितपत शुद्ध, या प्रश्नात त्या मुलाला काडीचाही रस नसणार. त्याला परीक्षा द्यायची होती. मी शुद्ध मनानं वाचलेलं कलम आणि एकटेपणा घालवायला वाचलेलं कलम, त्याच्या कानाला दोन्ही सारखीच. इमान्युएल कांटला मात्र हा फरक फार महत्त्वाचा वाटायचा. १७८५ मधल्या त्याच्या विवेचनात एक असा माणूस येतो, की ज्याला दुसऱ्याला सुख देण्यातच सुख आहे. कांट म्हणतो, त्याचं वागणं योग्य, कौतुकास्पदही. पण त्याला खरं नैतिक मोल नाही, कारण तो तर आपल्या स्वभावाचाच कल पुरवतोय. ज्याचं मन दुःखानं बधिर झालंय, ज्याला कुणाबद्दल काही वाटत नाही, आणि तरीही केवळ कर्तव्य म्हणून जो उठतो आणि मदत करतो, त्याच्या कृतीला ते मोल. मी आजारी पडलेय आणि कांटनं पसंत केलेला स्वयंसेवक माझ्या उशाशी बसलाय, अशी कल्पना करून पाहिली. मला कुशीवर वळवताना त्याला काहीही वाटत नाहीये, तो फक्त योग्य ते करतोय. नको गं बाई. त्यापेक्षा ती बडबडी, जरा मिरवणारी शेजारीण परवडली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या मी इतकी वर्षं पाठांतरासारख्या म्हणत आले होते. या निमित्तानं सावकाश वाचल्या. द्यायला हवं म्हणून, परतफेड न करणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी दिलेलं दान सात्त्विक. इथवर कांटही मान डोलावेल. परतफेडीच्या आशेनं किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. पण त्याच ओळीत जिवावर आल्यासारखं, कष्टी होऊन दिलेलं दानही येतं. म्हणजे तोंड वाकडं करून कर्तव्य बजावणाऱ्याचीही गय नाही. आणि सगळ्यांत खाली कोण? मला वाटायचं स्वार्थी माणूस असेल. तो तर वरच्याच पायरीवर राहिला. खाली, भलत्या जागी भलत्या वेळी नको त्याला देणाऱ्याच्या शेजारी, बसलाय तो घेणाऱ्याचा मान न राखता, तुच्छतेनं देणारा. देणाऱ्याच्या मनातली हाव एक वेळ चालेल, घेणाऱ्याचा अपमान चालणार नाही, असा हा क्रम मी तरी वाचते. निःस्वार्थ की स्वार्थी या वादात आपण घेणाऱ्याला विसरूनच जातो. तिथे मात्र तो आठवणीनं धरलाय.

घेणाऱ्याच्या बाजूला मीही बसले आहे. वडील दवाखान्यात होते तेव्हा मदतीला येणाऱ्यांची रीघ होती. बहुतेक जण खरोखर चांगले. पण त्यांच्यासाठी खुर्ची शोधायची, आजाराची कथा पहिल्यापासून सांगायची, त्यांचे डोळे भरून आले की आपणच त्यांची समजूत घालायची. "काहीही लागलं तर हक्कानं सांग," असं म्हणणाऱ्याला काही सांगितलं नाही तर तो खट्टू व्हायचा, म्हणून मी कामं शोधून ठेवायची. एक गृहस्थ रोज यायचे आणि परत जाऊन आमच्या घरची सविस्तर बातमी सगळ्यांना द्यायचे. तेच त्यांचं वेतन असावं. याउलट शेजारच्या खाटेवरच्या पेशंटसोबत एक मुलगा असायचा. तो आमच्याशी फारसं बोललाच नाही. रात्री स्वतःची पाण्याची बाटली भरायला जाताना आमचीही उचलायचा. वडिलांच्या डोळ्यांवर येणारा दिवा त्यानं एकदा खुर्चीवर चढून वळवून ठेवला आणि पुन्हा जाऊन झोपला. त्याचा हेतू काय होता कोण जाणे. कदाचित त्यालाही तो उजेड खुपत असेल. मला त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही, आणि त्यानं ते सुचू दिलं नाही हे आता लक्षात येतं.

मदत कुणाच्या सोयीनं बेतलेली आहे, यावर बरंच काही ठरतं असं मला हल्ली वाटायला लागलंय. अंधांच्या शिक्षणाचाच इतिहास घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंटिन आयुई या डोळस गृहस्थानं पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. कागदावर रोमन अक्षरं उठावाची छापून ती मुलांना बोटांनी वाचायला शिकवली. केवढं मोठं काम! पण ती अक्षरं मुळात डोळ्यांची होती. शिक्षकाला, देणगीदाराला, पाहुण्यांना ती झटकन वाचता येत. मुलांना मात्र एकेका अक्षराची वळणं चाचपत बसावं लागे, आणि स्वतःच्या हातानं लिहिणं तर जवळपास अशक्यच. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या अंध मुलानं १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार केली. बोटाच्या एका स्पर्शात एक अक्षर. मुलांनी ती उचलली. डोळस शिक्षकांना ती वाचता येईना, आणि शाळेनं तिचा अधिकृत स्वीकार केला तो १८५४ मध्ये. ब्रेल जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आयुईचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? हेतू उत्तमच होता. अक्षरं मात्र देणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारी होती. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअरही २००६ मध्ये सुरू केलं ते मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं. पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्यांना 'नाटक नको' हे कुणी सांगावं लागलं नसणार.

म्हणून स्वतःचं काही मिळवण्यासाठी येणाऱ्या स्वयंसेवकांवर माझा पूर्वीइतका राग राहिलेला नाही. प्रमाणपत्रासाठी तास भरायला आलेली मुलं असतात, टी-शर्ट घालून वर्षातून एकदा येणारे कचेरीतले गट असतात. फोटोसाठी लहान मुलांना पुन्हा पुन्हा उभं करतात, तेव्हा मात्र अजूनही डोकं फिरतं. पण त्या तास भरणाऱ्यांपैकी एखादी मुलगी पुढच्या वर्षी प्रमाणपत्र नसतानाही येते, हेही पाहिलंय. आणि शुद्ध हेतूवाल्यांचं म्हणाल, तर याच बॅटसननं जॉन डार्लीसोबत १९७३ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. धर्मोपदेशक होऊ घातलेले विद्यार्थी, वाटेत कण्हत पडलेला एक माणूस. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काही जण तर संकटातल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायला निघाले होते. विषय कोणता, यानं थांबण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. हाताशी वेळ किती, यानं पडला. माझ्या रिकाम्या संध्याकाळी मला एकदम कमी लाजिरवाण्या वाटायला लागल्या.

त्या मुलाचं म्हणाल तर तो पास झाला. फोन करतो अधूनमधून, आता माझ्या मोबाइलमधल्या अडचणी तो सोडवून देतो. आवाज ऐकूनच त्याला कळतं की मी कुठलं बटण दाबलंय. मला काही अडलं की त्याला जरा जास्तच उत्साह येतो. ती वेळ आली की मी मुद्दाम सावकाश समजून घेते. का, ते मला नीट माहीत आहे.

वाचन थांबल्यावर मी दुसरं काम धरलं. स्कॅन केलेल्या पुस्तकांचा मजकूर तपासून द्यायचा. यंत्र 'घर'चं 'धर' करतं, 'ख'चा 'रव' करतं, पानाचा आकडा आणि प्रकरणाचं नाव वाक्याच्या मधोमध आणून टाकतं, अनुस्वार गिळतं. मूळ पान एका बाजूला, मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि आपण एकेक ओळ खाली सरकायचं. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, वर होणारी तर्जनी नाही, आभार नाहीत. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात तसं काम. सुरुवातीचे आठवडे फार कोरडे गेले. एका पुस्तकात मजकुराचे दोन रकाने एकमेकांत गुंतले होते, ते सोडवता सोडवता रात्र झाली, आणि सुटल्यावर कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं. नवरा झोपला होता. त्याला उठवून सांगितलं.

मध्यंतरी आमच्यात चर्चा निघाली, की फाइलच्या सुरुवातीला तपासणाऱ्यांची नावं घालायची का. काही जण म्हणाले, नको, नावासाठी थोडंच करतोय. मी बोलले नाही, पण नको असंही म्हटलं नाही. नावं घातली गेली. मग ऐकणाऱ्यांपैकी एकीचा निरोप आला: नावं शेवटी टाका, सुरुवातीला असली की दर वेळी फाइल उघडली की ती सगळी ऐकावी लागतात. बरोबरच होतं तिचं. नावं शेवटी गेली. नवी फाइल आली तशी मी थेट शेवटच्या पानावर गेले. माझ्या आडनावातली पहिली वेलांटी दुसरी झाली होती. ऐकणाऱ्याला तो फरक कळायचाही नाही. तरी दुरुस्त करून पाठवली.